कार्डात उरलेला रुपया

बोरसे बाईंनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. त्यांना ते जमत नव्हतं असं नाही, पटत नव्हतं. "माफ केलं म्हणजे काय हो भाऊसाहेब? त्यानं करायचं ते केलं, आणि मी गप्प बसायचं. मग त्यात माझं काय भलं झालं?" असं म्हणत त्या डब्यातली कळण्याची भाकरी मोडायच्या आणि ठेच्याला लावून शांतपणे खायच्या.

भाऊसाहेब म्हणजे मी. सुरतेत पर्वत पाटियाच्या अलीकडे आमची मराठी शाळा आहे, तिथे मी कारकून. कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आमच्या लोकांनी गावाहून येताना बरोबर आणली. मी मलकापूरकडचा, बाई पारोळ्याकडच्या. शाळेतली पोरं बहुतेक खानदेशातली. घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडण लागलं की हिंदी. बाप लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये. आया घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात.

बाईंचं नाव शाळेत निघालं की मी आजही कपाटात फाईल शोधायला लागतो. कसली फाईल, ते मला माहीत नसतं. इतकी वर्षं असंच चाललं. आता लिहितो आहे ते ट्रस्टींनी वाचलं तर वाचू दे.

बाई उंच, वाळक्या अंगाच्या, चालताना पुढे किंचित झुकलेल्या. साडीचा पदर खांद्यावर इतका घट्ट पिन केलेला की वाऱ्यानं हलवायची हिंमत करू नये. पाचवी ते आठवीला गणित शिकवायच्या. नवरा लूमवर होता, तो लवकर गेला. त्याचा शेवटचा पगार मालकानं "उद्या या" म्हणून लांबवला, तेव्हा बाई रोज डबा घेऊन मालकाच्या ऑफिसात जाऊन बसल्या. दुपारी तिथेच डबा खायच्या. मालकाकडे गिऱ्हाईक आलं की त्यांनाही "जेवता का?" विचारायच्या. पगार मिळाला. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, आणि सांगताना शेवटी म्हणाल्या, "पगार दिला त्यानं, पण खुर्ची दिली नाही बसायला. ते अजून आहे माझ्या डोक्यात."

असं त्यांचं डोकं.

शाळेच्या कोपऱ्यावर एक मेडिकल आहे. फोननं पैसे द्यायची पद्धत घरोघरी पोहोचायच्या आधीची गोष्ट. दुकानदार रुपया-दोन रुपये परत द्यायचे झाले की "बेन, छुट्टा नथी" म्हणून चॉकलेटची गोळी हातावर ठेवायचा. सगळेच दुकानदार ठेवतात, आपण सगळेच घेतो. बाईही घ्यायच्या, काही न बोलता. आम्हाला वाटायचं, बाई कधीतरी निवळतात. पण त्या एकही गोळी खात नव्हत्या. घरी बरणीत साठवत होत्या. एके दिवशी त्यांनी त्या मेडिकलमधून डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि पर्समधून त्या चॉकलेटच्या गोळ्यांची पिशवी काढून काउंटरवर ओतली.

"आ शुं छे बेन?"

"तुमचाच पैसा आहे. देताना चालत होता ना?"

मागे गिऱ्हाईकं थांबलेली. उन्हानं गोळ्या कागदाला चिकटलेल्या. दुकानदार हसून बघत होता, मग चिडून बघत होता, मग त्यानं एक एक गोळी उचलून बरणीत टाकायला सुरुवात केली. बाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात त्यांनी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "तर मग ती गोळी पैसा होती का?"

एक पोरगा म्हणाला, "नाही बाई, तो बदला होता."

वर्ग हसला. बाईही हसल्या, मी दारातून पाहिलं. मग म्हणाल्या, "बदला होताच. पण लक्षात ठेवा, ज्यानं दिलं त्यानंच परत घ्यायला नाही म्हटलं, तर तो पैसा नव्हे."

पुढे काउंटराकाउंटरावर ती काळी-पांढरी चौकट आली, सुट्ट्याची कटकट गेली, गोळ्याही गेल्या. सगळ्यांना बरं वाटलं. बाईंना नाही. "पूर्वी कुणी फसवलं तर समोर माणूस असायचा. आता भांडू कुणाशी? त्या डब्याशी?" डबा म्हणजे दुकानात ठेवलेला, पैसे आले की बोलणारा स्पीकर.

त्याच सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की पोरांना पैसा दिसेनासा झालाय. पाचवीतली कोमल नावाची मुलगी. आई साड्यांना खडे चिकटवायची. बाईंनी वर्गात विचारलं, घरात पैसे कुठून येतात. कोमल म्हणाली, "फोनातून."

"आणि फोनात कुठून येतात?"

"फोनात असतातच बाई. मम्मी टिचकी मारते."

बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी घरचा अभ्यास दिला. त्यांचा घरचा अभ्यास नेहमी एकच असायचा: घरी विचारून या. पुस्तकातली उदाहरणं त्या वर्गातच संपवून टाकायच्या. घरी पाठवायच्या ते प्रश्न. तेल कितीला आलं, विचारून या. पप्पांचा हप्ता कशाचा, विचारून या. मम्मीला एका साडीचे किती मिळतात, विचारून या. उत्तर चुकीचं वाटलं की म्हणायच्या, "हे बरोबर नाही. परत विचारून ये." पालक वैतागायचे. एक बाप तर फाटकाशी येऊन मला म्हणाला होता, "भाऊसाहेब, ही बाई पोरांना शिकवते का आमची झडती घेते?"

कोमल दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन आली. आता मजुरीचा आकडा मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला खोटा वाटेल. बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि शनिवारी त्या एक पिशवी घेऊन वर्गात आल्या. साडीच्या काठाच्या चिंध्या, गोंद आणि खडे. म्हणाल्या, "एका समोशाचे पैसे होईपर्यंत चिकटवायचं. ज्याचे झाले त्यानं हात वर करावा."

मी हजेरीचा कागद घेऊन गेलो होतो, दारातच थांबलो. सगळा वर्ग खाली बसलेला, माना वाकलेल्या, कुणाची बोटं एकमेकांना चिकटलेली. एवढा शांत पाचवीचा वर्ग मी पाहिला नव्हता. तास संपत आला तरी एकाचाही हात वर झाला नाही. कोमलचा सगळ्यात जास्त काठ झाला होता, तोही अर्धा समोसा. घंटा झाली तेव्हा एक बारका पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, मना समोसा व्हयनाच नाही."

"माझाही झाला नाही रे," बाई म्हणाल्या. त्यांनीही त्यांच्यासोबत खाली बसून काठ भरला होता.

हा वर्ग मी डोळ्यांनी पाहिला. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याबद्दल मला विचारण्यात आलं.

पुढच्या जूनमध्ये शाळेत कार्ड आलं. कॅन्टीन ट्रस्टीसाहेबांच्या साडूकडे होतं. पालकांनी फोनवरून कार्डात पैसे टाकायचे, शंभरच्या पटीत. पोरांनी कार्ड मशीनला लावायचं, टिंग वाजलं की खाऊ. पोरांच्या हातात पैसे नकोत, हरवतात, मारामाऱ्या होतात, असं पालकांच्या सभेत सांगितलं. ते खोटंही नव्हतं. कार्डावर दोनच गोष्टी मिळायच्या, समोसा आणि खमण. समोसा सात, खमण बारा. सुट्टी लागली की सगळी कार्डं शून्यावर आणायची. उरलेली रक्कम "लॅप्स". ते करायचं बटण ऑफिसच्या कम्प्युटरवर होतं, माझ्या टेबलावर. दिवाळीला मी ते दाबलं, उन्हाळ्याला दाबलं. कुणाचे तेरा, कुणाचे चाळीस. पैसे कुठे जातात ते मला माहीत होतं.

बाईंनी विचारलं. डबा खाताना, सहज विचारल्यासारखं. "भाऊसाहेब, कार्डात उरतात ते पैसे जातात कुठे?"

"सिस्टीममध्ये," मी म्हणालो.

"सिस्टीम कुठे राहते? म्हणजे मी डबा घेऊन गेले असते."

मी हसलो. त्या नाही हसल्या.

मग त्यांनी सूड सुरू केला. दुसरा शब्द मला सापडत नाही. सहावी, सातवी, आठवीला त्यांनी एकच उदाहरण घातलं. शंभर रुपयांत सात रुपयांचे आणि बारा रुपयांचे नग असे घ्या की खाली काही उरणार नाही. दोन दिवस पोरं कागद काळे करत होती. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एकानं फळ्यावर लिहिलं: चार समोसे, सहा खमण. आठवड्याभरात शाळेतल्या प्रत्येक पोराला हे पाठ. दुसरा नियम त्यांनी लावला तो असा: टिंग वाजल्यावर पळायचं नाही, मशीनवरचा आकडा वाचायचा, मोठ्यानं. कॅन्टीनसमोर मधल्या सुट्टीत नुसते आकडे ऐकू यायचे. त्या दिवाळीला बटण दाबलं तेव्हा कार्डांवर जवळजवळ काहीच नव्हतं. साडूचा चेहरा मी पाहिला. मला गंमत वाटली, हेही खरं सांगतो.

सुट्टीनंतर समोसा नऊ रुपये झाला.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं. नऊ आणि बारा, दोन्हींना तीननं भाग जातो. शंभरला जात नाही. काहीही खा, कसंही खा, शंभरातला एक रुपया उरणारच. "बाई, तीनशे टाकले तर जमतं," आठवीतली एक मुलगी म्हणाली. बाई म्हणाल्या, "शाबास. आणि तीनशे टाकणारा बाप दाखव." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. नुसत्या म्हणत राहिल्या, "विचार करून केलंय हो भाऊसाहेब. कुणीतरी बसून, डोकं चालवून, पोरांचा एक रुपया काढलाय." त्यांना चोरीचा राग कमी होता. ती गणित वापरून केली होती, त्याचा जास्त होता.

ते डोकं कुणाचं, ते मला माहीत होतं. साडूनं मला विचारलं होतं, भाऊसाहेब, हे पुन्हा जुळणार नाही असे दर काय ठेवायचे? आणि मी टेबलावरच्या कागदावर त्याला काढून दिले होते. का, ते आजही नीट सांगता येत नाही. कुणीतरी मला हुशार समजून विचारलं होतं, बहुतेक एवढंच.

हे बाईंना कधीच कळलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा आदला दिवस. शाळा सुटायची घंटा झाली आणि पोरं फाटकाकडे न जाता कॅन्टीनपुढे रांगेत उभी राहिली. पाचवीपासून आठवीपर्यंत, उंचीप्रमाणे. पहिली कोमल, आता सातवीत, पण अजून सगळ्यांत बुटकी. तिनं कार्ड लावलं, आकडा वाचला आणि हात पुढे केला. "मना रुपया माले द्या."

साडू म्हणाला, "तो लॅप्स होतो, बेटा."

"लॅप्स म्हणजे कोण घेतं?"

हा प्रश्न तिला शिकवलेला होता, हे उघड होतं. मागच्या सगळ्या रांगेला शिकवलेला होता. साडूनं गल्ला उघडला, त्यात नाणी नव्हती. कार्ड आल्यापासून कुणी नाणं आणलंच नव्हतं. त्यानं चॉकलेटच्या गोळ्यांची बरणी काढली. कोमलनं मान हलवली. "गोळी नको." पुढचा पोरगा आला. "मना रुपया माले द्या. गोळी नको." फाटकाबाहेर आया उन्हात थांबलेल्या, त्या आत आल्या. रिक्षावाले आत आले. ट्रस्टीसाहेबांची गाडी आली, तिला आत यायला जागा नव्हती, ते उतरून चालत आले आणि घामेजलेल्या गर्दीतून त्यांना विचारावं लागलं, काय झालंय. एक आई म्हणाली, "काही नाही साहेब, पोरांचा एकेक रुपया आहे, तो द्या म्हणताहेत. आम्ही थांबतो."

शेवटी शिपायाला जवळच्या मंदिरात पाठवून दानपेटीतली नाणी बदलून आणली. प्रत्येक पोराला रुपया देईपर्यंत ट्रस्टीसाहेब तिथेच उभे. जाता येईना, थांबवेना. बाई वऱ्हांड्यात, खांबाला टेकून. तोंडावर समाधान होतं, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नव्हती. मला वाटतं, ट्रस्टीसाहेबांना रुपये देणं खुपलं नाही, ते समाधान खुपलं.

सुट्टीत मला घरी फोन आला. ऑफिसला गेलो. ट्रस्टीसाहेब सौम्य बोलले. म्हणाले, "त्या बाई वर्गात मुलांकडून साड्यांना खडे चिकटवून घेतात, असं कानावर आलंय. तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय, पण…"

"मग मेमो लिहा. विद्यार्थ्यांकडून मजुरीचं काम करून घेणं. साक्षीदार म्हणून तुमचं नाव घाला."

मी लिहिला. माझं मराठी चांगलं आहे, मेमो मी नेहमीच चांगले लिहितो. 'शालेय वेळेत', 'व्यापारी स्वरूपाचे', 'बालमनावर परिणाम', हे सगळे शब्द माझे. बाई कायम नव्हत्या, चौकशी नावालाच. तरी त्या चौकशीला आल्या. मला विचारलं गेलं, तुम्ही काय पाहिलंत. बाई म्हणाल्या, "सांगा भाऊसाहेब. दारात उभे होता ना तुम्ही? सगळं सांगा."

मी म्हणालो, "मुलं खडे चिकटवत होती."

"का चिकटवत होती?"

"ते मला माहीत नाही."

बाईंनी पर्स उचलली. दाराशी थांबून म्हणाल्या, "बरं."

लहानपणी आम्हाला मास्तर मारायचे ते विसरलो. ते 'बरं' विसरलो नाही.

जूनमध्ये माझा मुलगा तेजस वरच्या मजल्यावरच्या इंग्रजी शाळेत गेला. ती आमच्याच ट्रस्टची. फीच्या पावतीवर 'माफ' असा शिक्का. माझ्याशी कुणी सौदा केला नव्हता. मला विकत घ्यायला कुणी आलंच नाही. मी आपणहून काउंटरवर जाऊन बसलो होतो. पावती मी कपाटात ठेवली, बायकोला सांगितलं, स्टाफची सवलत आहे. दर जूनला तसाच शिक्का येत राहिला.

आमच्याकडून काढून टाकल्यावर बाईंना कुठल्याही शाळेत नोकरी मिळाली नाही. मजुरी करून घेणारी बाई, हे नाव पुढे पुढे गेलं. त्यांनी एका लेस-पट्टीच्या दुकानावर खोली घेतली आणि शिकवणी सुरू केली. काही वर्षांत गल्ल्यांमध्ये त्यांचं नाव वेगळ्या कारणानं व्हायला लागलं. फोनवर पैसे उडवणारी पोरं त्या सरळ करतात म्हणे. काय करतात? काही नाही, घरी विचारून या म्हणतात.

तेजस दहावीत असताना एक दिवस गॅसवाल्याला पैसे देताना माझा फोन म्हणाला, पुरेशी शिल्लक नाही. माझा अर्धा पगार एका खेळात गेला होता. खेळातल्या शिपायांचे कपडे, बंदुकांचे रंग. माझ्या फोनचा गुप्त आकडा त्याला माहीत होता, त्याचीच जन्मतारीख. मी त्याला मारलं. तो म्हणाला, "थोडे थोडे घेतले पप्पा. कळतच नाही किती जातात." वर्षानुवर्षं पोरांची कार्डं शून्यावर आणणारा मी. त्याला काय शिकवणार होतो?

बायकोनं मला न विचारता त्याला बोरसे बाईंकडे नेलं. तिला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. बाईंनी आडनाव विचारलं, बाप काय करतो ते विचारलं. मग म्हणाल्या, "पाठवा. फीचं नंतर बघू."

पहिला महिना त्यांनी त्याला खरंच शिकवलं. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तो घरातले खर्च विचारायला लागला, दूध, वीज, माझी पेट्रोलची टाकी. खेळ त्यानं स्वतः काढून टाकला. बायको खूश. मी रोज वाट बघत होतो.

एका रविवारी तो जेवताना म्हणाला, "पप्पा, माझी शाळेची फी किती?"

"माफ आहे."

"का माफ आहे? बाईंनी विचारून यायला सांगितलंय."

"स्टाफच्या मुलांना असते."

पुढच्या रविवारी तो परत आला. "बाई म्हणाल्या हे बरोबर नाही. परत विचारून ये."

मी म्हणालो, "ट्रस्टीसाहेब चांगले आहेत. आपली परिस्थिती बघून केली."

पुढचा रविवार. "बाई म्हणाल्या हेही बरोबर नाही. आणि पप्पा, शिपाईकाकांच्या मुलीला तर पूर्ण फी भरावी लागते. त्यांची परिस्थिती आपल्यापेक्षा चांगली आहे का?"

बायकोनं हातातली वाटी खाली ठेवली. "काय आहे हो हे?" ती म्हणाली.

त्या वेळी मला बाईंचा जो राग आला, तो मी लपवणार नाही. माझ्यावर सूड घ्यायचा होता तर माझ्या घरी यायचं होतं, ऑफिसात येऊन चार लोकांत बोलायचं होतं. माझ्याच पोराला माझ्यावर सोडलं. तो बिचारा हातात प्रश्न घेऊन येत होता, त्याला माहीतही नव्हतं त्यात काय आहे. हे त्यांनी बरं केलं नाही. मी आजही म्हणतो, बरं केलं नाही. पण दुसरं कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं का? नसतं दिलं.

मी सांगितलं. मेमो सांगितला, चौकशी सांगितली, शिक्का सांगितला. नऊ आणि बाराचं तेवढं गिळलं. तेजसनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझी फी बाईंनी भरली."

मी ताटातला भात कालवत राहिलो. तो म्हणाला, "बरं." आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेला.

त्याच आठवड्यात मी बाईंच्या खोलीवर गेलो. सगळ्या वर्षांची फी जेवढी झाली असती, तेवढे पैसे पतपेढीतून काढून, पाकिटात घालून. फोननं पाठवता आले असते. मला ते हातानं द्यायचे होते. पोरं लिहीत बसली होती. बाई उठून जिन्यात आल्या. केस पिकले होते, पदर तसाच.

"बाई, हे तुमचे आहेत."

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, हात लावला नाही. "तेजसनं सांगितलं का तुम्हाला, उत्तर बरोबर आलं म्हणून?"

"नाही. तो बोलत नाही माझ्याशी फारसं."

"हं."

"घ्या ना बाई. मला झोप लागत नाही."

"म्हणूनच घेत नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, वर्गात वजाबाकी समजावताना असायचा तसा. "हे घेतले की तुम्ही मोकळे. घरी जाऊन झोपाल. मला दहा शाळांनी दारातून परत पाठवलं भाऊसाहेब. मजुरी करून घेणारी बाई. तेव्हा तुम्ही झोपत होता ना? आता राहू द्या तसंच. माझे पैसे तुमच्याकडे आहेत हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, पोराला माहीत आहे. छान सुरक्षित आहेत."

"मी काय करू मग?"

"काही नका करू. जपून जा, जिन्याची एक पायरी तुटलीय."

त्या आत गेल्या. आतून आवाज आला, "हां, कुठे होतो आपण?"

ते पाकीट मी पतपेढीत परत भरलं. पैसे अजून तिथेच आहेत. त्यांच्यावर व्याज चढतं, ते मला काढवत नाही.

तेजसनं दहावीनंतर वरच्या मजल्यावरची शाळा सोडली. साडीच्या दुकानात संध्याकाळी घड्या घालायला जायचा, त्यातून स्वतःची फी भरायचा. मी भरतो म्हटलं तर म्हणायचा, "राहू द्या पप्पा." रागावून नाही. ते जास्त लागतं. आता पलसाण्याच्या बाजूला कापडाच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये आहे. घरखर्चाला दर महिन्याला आईच्या खात्यात पैसे टाकतो. माझ्याकडून त्यानं आजवर काही घेतलं नाही, दिवाळीचे कपडेसुद्धा.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, भाजीच्या हातगाडीपाशी, इथे तिला लारी म्हणतात. वाल-पापडी घेत होत्या. फोन काढला, चौकटीवर धरला, आणि डब्यानं रक्कम बोलून संपवेपर्यंत कान देऊन थांबल्या. मग पिशवी उचलली. वळल्या तर मी.

मला वाटलं, न बघता जातील. त्या थांबल्या.

"तेजस काय करतो?"

मी सांगितलं.

"पगार किती?"

"माहीत नाही बाई. सांगत नाही."

"मागितले कधी तुमच्याकडे?"

"नाही. कधीच नाही."

त्यांनी मान हलवली, हळूच, एकदाच. पोरानं फळ्यावर उदाहरण न चुकता सोडवलं की हलवायच्या तशी. "हुशार आहे," म्हणाल्या. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून चालायला लागल्या, किंचित पुढे झुकून.

लारीवाला मला म्हणाला, "काका, शुं आपुं?"

काय घ्यायला आलो होतो, ते मला आठवेना.